सोबत्याची चूक सांगताना

(शब्बाथशाळेचे शिक्षक व मंडळीतील कार्यकर्ते यांच्यासाठी)

वाचन : निर्गम १८:१३-२४, मत्तय १८:१५-१७, प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८, गलती २:११-१४

मंडळीचे काम करणाऱ्यांपुढे एक अडचण नेहमी येते, पण सभेच्या वृत्तान्तात ती कधी नोंदली जात नाही. आपल्याबरोबर काम करणारा एखादा सोबती स्वभावाने कठीण असतो. तो निरुपयोगी असता तर प्रश्न फारसा नव्हता. कमिटीने पुढच्या वर्षी त्याचे नाव गाळले असते. परंतु असा मनुष्य बहुधा कामाचा असतो. त्याच्यावाचून काम अडते आणि त्याच्यामुळेही अडते. त्याला त्याची चूक सांगावी तर संबंध तुटण्याची भीती. न सांगावी तर बाकीचे एकेक करून गळतात. शब्बाथशाळा, गायनवृंद, तरुण संघ, नोकरीची जागा, सर्वत्र हे आहे. या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे, आणि आरंभ आमच्याच चुकीने करतो.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमाची जबाबदारी आम्हा पाच जणांवर होती. त्यांत एक वयस्क गृहस्थ होते. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, पेटी उत्तम वाजवणारे; सर्वजण त्यांना काका म्हणत. मुलांची गाणी बसवावीत तर त्यांनीच. पण सरावाला ठरल्या वेळी येणे नाही, आल्यावर आधी ठरलेले गाणे बदलायचे, आणि एका तरुण शिक्षिकेला तर त्यांनी मुलांदेखत सांगितले की तिला सूर कळत नाही. आम्ही काय केले? तीन आठवडे ही गाऱ्हाणी आम्ही सर्वांना सांगितली. पाळकसाहेबांना सांगितली, खजिनदारांना सांगितली, घरी सांगितली, कारखान्यात चहाच्या वेळी शेजारी बसणाऱ्यालाही सांगितली, ज्याने काकांना जन्मात पाहिलेले नव्हते. फक्त काकांना सांगितली नाहीत. मग चौथ्या आठवड्यात कमिटीच्या बैठकीत ते पुन्हा उशिरा आले आणि आमचा तोल गेला. तुमच्यामुळे सगळा कार्यक्रम बिघडतो, तुम्हांला कोणाची पर्वा नाही, असे आम्ही सर्वांसमक्ष बोललो. काकांनी चष्मा काढून डबीत ठेवला, गाण्यांची वही मिटली आणि ते उठून गेले. त्या नाताळात मुलांनी पेटीवाचून गाणी म्हटली. पुढे सहा महिने काका उपासनेला येत, शेवटच्या बाकावर बसत आणि आशीर्वाद होताच निघून जात.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील प्रभूचे शब्द आपणांस पाठ आहेत. भावाने अपराध केला तर प्रथम दोघे एकांतात असताना त्याला दाखवून द्यावे. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे. तरीही नाही तर मंडळीला कळवावे. हा उतारा मंडळीच्या शिस्तीच्या वेळी वाचला जातो. कोणाला सभासदत्वावरून काढायचे झाले की तो आठवतो, आणि त्यामुळे सर्वांचे लक्ष तिसऱ्या पायरीवर असते. आम्ही तर सरळ तिसऱ्या पायरीवरच उडी मारली होती. खरे पाहता बहुतेक भांडणे पहिल्या पायरीवरच मिटावीत अशी ही व्यवस्था आहे. एकांताने त्या मनुष्याची लाज राखली जाते हे तर उघडच आहे. पण तो सांगणाऱ्याचेही रक्षण करतो, हे आमच्या उशिरा लक्षात आले. आपणच चुकीचे असू तर एकांतात माघार घेता येते. दहा जणांपुढे कोणी माघार घेत नाही.

आपल्या भाषेत यासाठी शब्दांची वाण नाही. खरडपट्टी आहे, झाडाझडती आहे, टोमणा तर घरोघरी आहे. त्यांत 'कानउघाडणी' हा शब्द आम्हांला बरा वाटतो, कारण त्यात समोरच्याचे कान उघडायचे असतात. आमच्या बोलण्याने काकांचे कान मिटले.

आता बडोद्यातलेच एक जुने उदाहरण पाहू. ते मंडळीतले नव्हे, दरबारातले आहे. तरी आपल्या विषयाला ते नेमके लागू पडते. दांडिया बाजार भागात अरविंद निवास नावाची वास्तू आहे. श्री. अरविंद घोष हे १८९३ साली इंग्लंडहून परतून महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या नोकरीत आले, ते १९०६ पर्यंत येथे होते, आणि त्यांतील बराच काळ या घरात, म्हणजे त्या वेळच्या खासेराव जाधवांच्या घरात, राहिले. आरंभी त्यांना सर्व्हे सेटलमेंट, स्टॅम्प, सचिवालय अशा खात्यांत काम दिले होते. इंग्रजी लिहिण्यात त्यांचा हातखंडा, म्हणून महाराज त्यांना वरचेवर बोलावून महत्त्वाची पत्रे व भाषणे त्यांच्याकडून लिहवून घेत. १९०३ साली काश्मीरच्या दौऱ्यावर महाराजांनी त्यांना चिटणीस म्हणून बरोबर नेले. त्या दौऱ्यात दोघांचे पुष्कळ खटके उडाले आणि तो प्रयोग पुन्हा झाला नाही, असे पुढे स्वतः अरविंदांनीच सांगितले आहे. महाराज घड्याळाप्रमाणे चालणारे. अरविंद रात्री उशिरापर्यंत वाचणारे. एकदा सकाळी दोनदा बोलावणे पाठवूनही हे आले नाहीत, तेव्हा महाराज स्वतः त्यांच्या खोलीपर्यंत गेले, त्यांना झोपलेले पाहिले आणि न उठवता परत आले, अशी आठवण चरित्रकार सांगतात.

चिटणीस म्हणून केलेल्या कामाबद्दल महाराजांनी त्यांना पगारवाढ दिली. त्या हुकुमातील मजकूर चरित्रग्रंथांत आला आहे. त्याचा आशय असा की, हा तरुण अतिशय उपयोगी व कर्तबगार असल्याचे महाराजांना आढळले आहे. त्याने नियमितपणा व वक्तशीरपणा आणखी थोडा अंगी बाणवला तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल. आणि या गुणांच्या अभावी त्याने पुढे स्वतःचेच नुकसान करून घेऊ नये.

शिक्षकांनी या तीन वाक्यांवर वर्गात थोडा वेळ थांबावे. राजाला नोकराशी असे बोलण्याची काही गरज नव्हती. दंड करता आला असता, बदली करता आली असती. महाराजांनी दोष सांगितला, पण पगारवाढ रोखून धरली नाही. स्तुती केली, पण ती दोष गिळण्यासाठी दिलेल्या साखरेसारखी नाही, कारण ती खरी होती आणि तिच्यामागे रोख पैसे होते. आणि दोष कोणता सांगितला? 'तू बेपर्वा आहेस', 'तुला मान ठेवता येत नाही' असे काही नाही. वेळ आणि नियमितपणा, एवढेच. बेपर्वा मनुष्याने बदलायचे म्हणजे काय करायचे हे कोणालाच माहीत नसते. वेळेवर कसे यायचे हे सर्वांना माहीत असते. आम्ही काकांना 'पर्वा नाही' म्हणालो त्यात त्यांना करण्यासारखे काहीच ठेवले नव्हते.

असे बोलायला सयाजीराव कोठे शिकले? नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली दत्तक घेऊन गादीवर बसवला गेला. पुढची सहा वर्षे तो शिकत होता. राज्यकारभाराचा अधिकार हाती येण्यापूर्वी दिवाण टी. माधवराव यांनी राज्यकर्त्याने कसे वागावे यावर त्याला व्याख्याने दिली. ती १८८१ साली 'मायनर हिंट्स' या नावाने छापून निघाली. म्हणजे ज्याला पुढे सर्वांना सांगायचे होते त्याला आधी बरेच ऐकून घ्यावे लागले. शब्बाथशाळेच्या सुपरिंटेंडेंटांनाही ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. वर्षातून एकदा तरी शिक्षकांपैकी कोणी त्यांना त्यांची चूक सांगतो काय?

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भागही सांगितला पाहिजे. सूचना इतकी चांगली असूनही चिटणीसपण काही जमले नाही. जमले ते बडोदा कॉलेजात. तेथे ते आधी काही तास फ्रेंच शिकवीत, मग इंग्रजीचे प्राध्यापक झाले, पुढे उपप्राचार्य झाले आणि काही काळ प्रभारी प्राचार्यही होते. जे कॉलेज आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा म्हणून आपण त्या मोठ्या घुमटावरून ओळखतो, तेच हे. मनुष्य तोच होता. हाक मारताच हजर होण्याच्या नोकरीत तो कठीण ठरला आणि वर्गात उत्तम ठरला. महाराजांविषयी त्याच्या मनात कडवटपणा राहिला असेही नाही. त्यांची राज्य करण्याची योग्यता त्याने मोकळ्या मनाने मान्य केली होती.

म्हणून सोबत्याला काही सांगण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे : दोष माणसात आहे, की त्याला दिलेल्या कामात आहे? निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो हेच करतो. तो येतो आणि एक संपूर्ण दिवस नुसता पाहतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करीत बसला आहे व लोक ताटकळत उभे आहेत. मग इथ्रो विचारतो, तू एकटाच का बसतोस? उत्तर ऐकून घेतो. त्यानंतरच तो सांगतो की हे ठीक नाही, यात तूही थकशील व लोकही. आणि लगेच हजार, शंभर, पन्नास व दहा जणांवर माणसे नेमण्याची व्यवस्था सुचवतो. मोशेच्या स्वभावावर तो एक शब्दही बोलत नाही. सासऱ्यांनी जावयाच्या कामात लक्ष घालू नये असे मानणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा.

सांगणे योग्य पण मार्ग आडवळणाचा, असे झाले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण अरविंदांच्याच आयुष्यात आहे. बडोद्यास आल्यावर त्याच वर्षी, १८९३ साली, त्यांनी मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये काँग्रेसच्या तत्कालीन धोरणावर कडक टीका करणारी लेखमाला सुरू केली. पत्राची इंग्रजी बाजू त्यांचे केंब्रिजपासूनचे मित्र केशवराव देशपांडे पाहत. पहिल्या लेखांनीच खळबळ उडाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पत्राच्या मालकांना सावध केले की हे असेच चालले तर राजद्रोहाचा खटला होईल. मालक घाबरले, त्यांनी देशपांड्यांना सांगितले, देशपांड्यांनी मित्राला सूर उतरवण्याची विनंती केली. अरविंदांनी नाराजीने होकार दिला, पण त्यांचा रस गेला. लेख लांबलांब अंतराने येऊ लागले आणि शेवटी बंद पडले. रानड्यांविषयी आम्हांला नितांत आदर आहे. खटला मालकावर झाला असता, म्हणून मालकाला सांगणे रास्तच होते. पुढेमागे मुंबईत दोघांची भेट झाली आणि रानड्यांनी या तरुणाला तुरुंगसुधारणेचे काम हाती घेण्याचे सुचवले, हेही खरे. तरी लेखकापर्यंत त्याच्या लेखाविषयीचा शब्द आला तो दोन हातांतून. असा शब्द वाटेत आपला अर्थ गमावतो. मूळ काळजी गळून जाते आणि उरते ती फक्त मनाई. आपल्याकडे 'पाळकसाहेबांच्या कानावर घाला, ते सांगतील' असे म्हणण्याची पद्धत आहे. बिचारे पाळकसाहेब! त्यांनी स्वतः न पाहिलेल्या चुका त्यांनी सांगायच्या. हल्ली तर मोबाइलवरच्या गटात एखादा 'सर्वांसाठी सूचना' म्हणून चार ओळी टाकतो, आणि त्या कोणासाठी आहेत हे त्या एकाखेरीज सर्वांना कळते.

याच्या उलट इफिसातील घर पाहा. अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, वक्ता, शास्त्रलेखांत प्रवीण, आवेशी. पण त्याला योहानाचा बाप्तिस्मा एवढाच ठाऊक होता. म्हणजे त्याच्या शिकवणीत मोठी उणीव होती. सभास्थानात तो निर्भयपणे बोलत असताना समोर अक्विल्ला व प्रिस्किल्ला बसली होती. ती दोघे तंबू करण्याचा धंदा करणारी. वक्ता म्हणून त्यांची कोठे ख्याती नाही. त्यांनी मध्येच उठून त्याला थांबवले नाही. घरी जाताना वाटेत लोकांपाशी कुजबुज केली नाही. त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावून दिला. पुढची ओळ आपण घाईने ओलांडतो, पण ती फार महत्त्वाची आहे. अपुल्लोस अखयेस जाण्यास निघाला, तेव्हा इफिसातील बंधूंनी त्याच्या स्वागतासाठी तिकडच्या शिष्यांना पत्र लिहिले. ज्याची उणीव कालपरवा दाखवली, त्याचीच शिफारस. आमच्या माहितीच्या किती मंडळ्यांत असे घडते? आपल्याकडे एकदा चूक निघाली की ती त्या मनुष्याच्या नावाला कायमची चिकटते.

हा उतारा वाचूनच आम्ही काकांकडे जाण्याचे ठरवले. ठरवल्यावरही दोन रविवार गेले, हे कबूल केले पाहिजे. शेवटी एका संध्याकाळी, कोणाला बरोबर न घेता, त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडले.

"ये. चहा घेशील ना?"

बसल्यावर आम्ही म्हणालो, "काका, त्या दिवशी सगळ्यांदेखत बोललो ते चुकलं माझं. जे बोलायचं होतं ते तुमच्याशी एकट्याशी बोलायला हवं होतं."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग ते आत्ता बोल."

याची आमची तयारी नव्हती. क्षमा मागितली की चहा पिऊन उठायचे असा बेत होता. पण त्यांनी विचारलेच, म्हणून सांगितले. "तीन रविवार सराव साडेपाचला होता. तुम्ही सव्वासहाला आलात. मुलं कंटाळून मैदानात गेली, आणि दोन घरच्यांनी पाठवणंच बंद केलं. दुसरं म्हणजे, त्या शिक्षिकेला तुम्ही मुलांपुढे बोललात. ती तेव्हापासून गाणं घेत नाही."

"तिला सूर कळत नाही हे खरं आहे."

"असेल काका. पण मुलांपुढे?"

त्यावर ते काही बोलले नाहीत. चहा आला. दोन घोट झाल्यावर म्हणाले, "आता माझं ऐक. सरावाची वेळ कोणी ठरवली? तू. मला विचारलंस? साडेपाचला मी नातवाला ट्यूशनहून आणायला जातो. हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. तू मला एक शब्द विचारला नाहीस, कागद लावलास भिंतीवर. आणि गाणी बदलतो म्हणतोस, ती तू निवडलेली पट्टी त्या मुलांच्या गळ्याला चढत नव्हती."

आम्ही त्यांची चूक सांगायला गेलो होतो आणि आमच्या दोन घेऊन परत आलो. वेळेच्या बाबतीत दोष व्यवस्थेचा होता, आणि ती व्यवस्था आमची होती. पुढच्या वर्षी सराव सव्वासहाला ठेवला. काका येऊ लागले. पट्टी त्यांना विचारून ठरते. त्या शिक्षिकेची मात्र त्यांनी क्षमा मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही. सराव सुरू होण्यापूर्वी अर्धा तास ते तिला पेटीवर सूर धरून देतात, एवढे खरे. तरी त्यांचे बोलणे फटकळच आहे आणि ती आमच्याकडे अधूनमधून तक्रार करते. तेव्हा आम्ही तिला विचारतो, काकांना सांगितलेस का? ती हसते. हे काम अजून तिचे आहे.

येथे एका गैरसमजाला जागा राहू नये. सर्व चुका एकांतातच सांगायच्या असतात असे नव्हे. गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो की अंत्युखियात त्याने पेत्राला तोंडावर व सर्वांसमक्ष दोष दिला. तेथे काय घडले होते? पेत्र आधी परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. याकोबाकडची माणसे आल्यावर तो त्यांच्या पंगतीतून बाजूला झाला. त्याचे पाहून इतर यहूदीही बाजूला झाले, बर्णबासुद्धा वाहवत गेला. येथे उशिरा येण्याचा किंवा फटकळपणाचा प्रश्न नव्हता. पंगत मोडली होती. ज्यांना पंगतीतून वगळले त्यांच्यादेखत ती मोडली होती, म्हणून त्यांच्यादेखतच बोलणे भाग होते. पेत्राला कोपऱ्यात नेऊन हळूच सांगितले असते तर त्या परराष्ट्रीयांना काय कळले असते?

हे आपल्याच शहरात घडले आहे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे कागदपत्रे लांबून फेकत. प्यायला पाणीही मिळत नसे. राहायला जागा कोणी दिली नाही म्हणून ते एका पारशी पथिकाश्रमात पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. यापुढचा भाग आपण ख्रिस्ती लोकांनी लक्ष देऊन वाचावा. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होते, दुसरे हिंदी ख्रिस्ती. ख्रिस्ती मित्राने सांगितले की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. बाबासाहेबांना पुढे कळले की ते जोडपे मूळचे ब्राह्मण घराण्यातले. पती विचारांनी उदार झाले होते, पण पत्नीने जुनी रीत सोडली नव्हती आणि अस्पृश्याला घरात घेण्यास ती तयार झाली नसती. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात नोंदवली आहे. त्या दिवशी ते सार्वजनिक बागेत संध्याकाळपर्यंत बसले व रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. सयाजीबागेजवळची ती जागा आज संकल्प भूमी म्हणून ओळखली जाते.

कोणी म्हणेल, याचा सोबत्याच्या चुकीशी काय संबंध? आमच्या मते फार जवळचा आहे. अशा कचेरीत 'कठीण' कोणाला म्हणायचे? पाणी मागणाऱ्याला, की पाणी न देणाऱ्यांना? आजही कामाच्या जागी एखाद्यावर तो जुळवून घेत नाही असा शिक्का बसतो, तेव्हा त्याला बोध करायला जाण्यापूर्वी तो कशाशी जुळवून घेत नाही हे पाहावे. आणि त्या ख्रिस्ती घराविषयी आमच्या मनात येते की पतीला पत्नीशी जे बोलायचे होते ते दार वाजण्याच्या कितीतरी आधी बोलायला हवे होते. दार वाजल्यावर वेळ उरत नाही.

वर्गात हा पाठ घेताना लहान मुलांसाठी अपुल्लोसाची गोष्ट पुरे. तिघांना पुढे बोलावून अक्विल्ला, प्रिस्किल्ला व अपुल्लोस करावे आणि विचारावे : तुम्ही त्याला कोठे बसवाल? पहिले वाक्य कोणते बोलाल? मुले मजेशीर उत्तरे देतात. एका मुलाने 'आधी त्याला जेवायला घालू' असे सांगितले आणि आम्हांला त्यापेक्षा चांगले काही सुचले नाही. मात्र मुलांना एकमेकांचे दोष सांगायला लावू नये. एका वर्षी आम्ही ते केले आणि दोन जिवलग मैत्रिणी महिनाभर वेगळ्या बाकांवर बसल्या.

मोठ्यांच्या वर्गात वाचन झाल्यावर प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्यावी. ज्याच्याशी बोलायचे राहिले आहे त्याचे नाव लिहू नये. एक दिवस, त्या दिवशी घडलेली एकच गोष्ट, आणि तिच्यामुळे कामात काय अडले, एवढेच लिहावे. आळशी, गर्विष्ठ, हट्टी असे शब्द आले असतील तर ते खोडावेत. खाली त्याचा एक खरा गुण लिहावा. नंतर चिठ्ठीच्या मागे लिहावे : या बाबतीत मी त्याला काय विचारायचे राहिलो? यासाठी दहा मिनिटे पुरतात, पण बहुतेकांना मागची बाजू लिहायला वेळ लागतो, म्हणून घाई करू नये. चिठ्ठ्या गोळा करू नयेत. ज्याची त्याच्या खिशात राहू द्यावी.